गिलानुपट्ठान : चीवरक्खंधकातील एक प्रसंग

महावग्गाचा आठवा खंधक चीवरांविषयी आहे. वस्त्र कसे रंगवावे, कसे शिवावे, कसे वाटावे, असे नियम वाचत असता उत्तरार्धात एका आजारी भिक्खूची हकीकत येते. चीवरांच्या प्रकरणात ती का यावी, हा प्रश्न विनयाच्या अभ्यासकाला पडल्यावाचून राहत नाही.

भगवान बुद्ध आनंदासह भिक्खूंच्या निवासस्थानांची पाहणी करीत असता, पोटाच्या विकाराने ग्रस्त असा एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला त्यांना दिसला. शुश्रूषा करणारा कोणी नाही काय, असे विचारता त्याने नाही म्हटले; आणि कारण दिले ते असे की, आपण भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून भिक्खूही आपली सेवा करीत नाहीत. या उत्तरात तक्रार नाही. जो उपयोगी पडत नाही त्याच्याजवळ कोणी का बसावे, हा हिशेब त्या बिचाऱ्यालाही मान्य झालेला दिसतो. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. पाणी त्यांनी ओतले, अंग आनंदाने धुतले; एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला मंचकावर निजविले. उपदेश नंतर झाला, आणि तोही आजाऱ्याला नव्हे, संघाला : तुम्हांला येथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांकडे पाहिले नाही तर कोण पाहणार?

याच वळणाची कथा धम्मपद-अट्ठकथेत ४१व्या गाथेच्या निमित्ताने पूतिगत्त तिस्स थेरांच्या नावाने येते. तेथे थेरांच्या आजाराचे कारण पूर्वजन्मीच्या पारध्याच्या कर्मात शोधले आहे. विनयातील कथेत पूर्वकर्माचा उल्लेखही नाही. तेथे प्रश्न एकच विचारला जातो, आणि तो शेजारी कोण आहे याविषयीचा. आमच्या मते हा फरक लहान नाही.

या प्रसंगातून जे नियम निघाले त्यांत दयेची विनवणी नाही, कर्तव्याची वाटणी आहे. उपाध्यायाने, आचार्याने, सद्धिविहारिकाने, अंतेवासिकाने रुग्ण बरा होईपर्यंत त्याची सेवा करावी. यांपैकी कोणी नसेल तर संघाने करावी. न केल्यास दुक्कट दोष. सेवकाचे पाच गुण सांगितले आहेत. औषध सिद्ध करता येणे आणि पथ्यापथ्य जाणणे हे पहिले दोन. पुढचे मात्र वैद्यकाचे नव्हेत : लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीच्या भावनेने सेवा करणे, मलमूत्राची व वांतीची किळस न करणे, आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाला उत्साहित करणे. येथे ‘समुत्तेजेति’ हे क्रियापद येते. आपल्या ‘उत्तेजन’ शब्दाचे ते सख्खे भावंड. परंतु जो वेळोवेळी बोलणार, त्याला मधल्या न बोलण्याच्या वेळीही तेथे असावे लागते.

वर्षावासाचा नियमही या कर्तव्यापुढे वाकतो. आजारी भिक्खू, भिक्खुनी वा श्रामणेर यांच्यासाठी, तसेच मातापित्यांसाठी, बोलावणे आले नसले तरी सात दिवसांपर्यंत जाण्याची अनुज्ञा महावग्गात आहे. आणि केवळ विचारपूस करणे हेही जाण्याचे पुरेसे कारण मानले आहे.

संयुत्तनिकायातील वक्कली थेर राजगृहात कुंभाराच्या घरी आजारी होते. निरोप मिळताच भगवंत आले आणि उठू पाहणाऱ्या वक्कलींना त्यांनी उठू दिले नाही. फार दिवसांपासून दर्शनाची इच्छा होती, असे थेरांनी सांगितल्यावर, या नाशवंत देहाला पाहून काय साधणार, धम्म पाहणारा मला पाहतो, अशा आशयाचे उत्तर मिळाले. हे वचन आपल्याकडे व्याख्यानांतून नेहमी ऐकू येते. ते सांगण्यासाठी भगवंत स्वतः त्या घरी आले होते, हे मात्र सांगायचे राहून जाते.

आता चीवरांचा प्रश्न. आजारी भिक्खूच्या प्रसंगानंतर लगेच, मृत भिक्खूच्या वस्तूंचे काय करावे हा विषय येतो. मालकी संघाची, पण सेवकांनी पुष्कळ केलेले असते, म्हणून पात्र व तीन चीवरे संघाने त्यांना द्यावीत, असा निर्णय आहे. लाभाची आशा धरू नये म्हणणाऱ्या ग्रंथातच ही तरतूद असावी, यात आम्हांला विसंगती दिसत नाही. देण्याचे संघाने पाहावयाचे आहे, मागण्याचे सेवकाने नव्हे. आणि सेवा करणारा श्रामणेर असेल, तर त्यालाही भिक्खूच्या बरोबरीचा वाटा द्यावा, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे.