नाव बदलले, पत्ता चुकला : पायथॉनच्या दोन आवृत्त्या आणि मुंबईचे 'मायावी'

१/
हार्बर मार्गाने शीव कोळीवाड्यास येणाऱ्या प्रवाशाला फलकावर 'गुरू तेग बहादूर नगर' असे नाव दिसते. या स्थानकाचे जुने नाव कोळीवाडा. फाळणीनंतर पंजाबी आणि शीख निर्वासित या भागात स्थायिक झाले. पुढे स्थानकाला शिखांच्या नवव्या गुरूंचे नाव मिळाले. फलक बदलला, पण लोकांच्या तोंडी कोळीवाडा टिकून राहिला.

२/
माणसाला दोन्ही नावे चालतात. संगणकाला चालत नाहीत. त्याला दिलेले नाव जागेवर सापडले नाही, तर तो कुणाला विचारीत नाही, थेट थांबतो. 'पायथॉन' या संगणकभाषेत २००८ साली अशीच अनेक नावे एकाच वेळी बदलली गेली. त्यातून सावरायला जगभरच्या प्रोग्रामरना दहा वर्षांहून अधिक काळ लागला. हा त्याचा इतिहास.

३/
पायथॉन ही गिडो व्हॅन रॉसम या डच प्रोग्रामरची निर्मिती. ॲमस्टरडॅमच्या गणित व संगणक संशोधन संस्थेत काम करीत असताना त्यांनी ती घडवली आणि १९९१ साली जगापुढे ठेवली. २००० साली दुसरी आवृत्ती आली. साध्या मांडणीमुळे ही भाषा विद्यार्थ्यांच्या आणि शास्त्रज्ञांच्या हाती लवकर रुळली.

४/
या भाषेत प्रत्येक गोष्ट स्वतः लिहावी लागत नाही. तयार कामांचे संच असतात. त्यांना 'मॉड्यूल' म्हणतात. आज्ञावलीच्या आरंभी 'इम्पोर्ट' हा शब्द आणि मॉड्यूलचे नाव लिहिले की तो संच हाताशी येतो. अर्थात सारी भिस्त नावावर. नावात एका अक्षराचा फरक पडला, तरी पहिल्याच ओळीत काम अडते.

५/
पहिला घोळ नाव बदलण्याचा नव्हता, तर एकच नाव दोन ठिकाणी असण्याचा होता. नुसते 'कोळीवाडा' म्हटले तर शिवेच्या माणसाला शीव कोळीवाडा आठवेल, वरळीच्या माणसाला वरळीचा, माहीमच्या माणसाला माहीमचा. बोलणारा कुठे उभा आहे, यावर अर्थ ठरतो.

६/
पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीत हेच घडत असे. पॅकेजच्या आतली फाइल एखादे मॉड्यूल मागू लागली, की भाषा आधी त्याच पॅकेजमध्ये शोध घेई. तेथे त्याच नावाची फाइल असली, तर मूळ ग्रंथालयातले मॉड्यूल झाकले जाई. २००६ च्या २.५ आवृत्तीने पूर्ण पत्त्याचा नियम ऐच्छिक म्हणून दिला. तिसऱ्या आवृत्तीत तो सक्तीचा झाला. घरातलेच मॉड्यूल हवे असेल, तर नावापूर्वी टिंब देऊन तसे स्पष्ट सांगावे लागते.

७/
३ डिसेंबर २००८ रोजी ३.० आवृत्ती प्रसिद्ध झाली. जुन्या आज्ञावल्या तीत जशाच्या तशा चालणार नाहीत, हे कर्त्यांनी आधीच जाहीर केले होते. मॉड्यूलांची नावे एका शिस्तीत आणली गेली. 'कॉन्फिगपार्सर', 'क्यू', 'टीकेइंटर' यांची मोठी आद्याक्षरे जाऊन लहान आली. 'यूआरएललिब', 'यूआरएललिब२' आणि 'यूआरएलपार्स' ही तीन स्वतंत्र मॉड्यूले एकाच छताखाली आली आणि त्यांची नव्याने वाटणी झाली.

८/
एवढी उलथापालथ कशासाठी? एक मोठे कारण मराठी वाचकाला सहज पटेल. दुसऱ्या आवृत्तीत साध्या अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर म्हणजे केवळ बाइटांची रांग. 'शीव' या शब्दात युनिकोडची तीन चिन्हे : श, दीर्घ वेलांटी आणि व. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणून दुसरी आवृत्ती या शब्दाची लांबी ९ सांगे. तिसरी आवृत्ती ३ सांगते. इंग्रजीबाहेरच्या लिप्यांना भाषेच्या गाभ्यातच स्थान देण्यासाठी पाया बदलणे भाग होते.

९/
पण जगभर लिहून पडलेल्या जुन्या आज्ञावल्यांचे काय? काही संगणकांवर दुसरी आवृत्ती, काहींवर तिसरी. एकच आज्ञावली दोन्हीकडे चालायला हवी. त्यावर प्रोग्रामरनी साधा उपाय काढला : 'ट्राय' आणि 'एक्सेप्ट'. आधी नव्या नावाने मॉड्यूल मागायचे. 'इम्पोर्टएरर' आला, तर जुन्या नावाने मागायचे. टपालवाल्याने आधी नव्या पत्त्यावर जावे, घर सापडले नाही तर जुन्या, तसे.

१०/
या उपायात दोन खाचा होत्या. पहिली : नवे मॉड्यूल जागेवर असे, पण त्याला लागणारे दुसरेच काही नसे. तरीही तोच 'इम्पोर्टएरर' येई, आज्ञावली जुन्या नावाकडे वळे आणि शेवटी 'जुने मॉड्यूल सापडले नाही' अशी दिशाभूल करणारी तक्रार हाती पडे. मॉड्यूलच न सापडण्यासाठी 'मॉड्यूलनॉटफाउंडएरर' ही वेगळी खूण पुढे २०१६ च्या ३.६ आवृत्तीत आली.

११/
दुसरी खाच अधिक फसवी. 'यूआरएललिब' हे नाव दोन्ही आवृत्त्यांत आहे. ते मागितले की दोन्हीकडे मिळते. पण त्यातली 'यूआरएलओपन' ही सोय तिसऱ्या आवृत्तीत 'यूआरएललिब.रिक्वेस्ट' या पोटविभागात गेली. फलक तोच, दुकानातला माल वेगळा. म्हणून जाणकारांचा सल्ला असा की, नुसत्या नावाची नव्हे, तर हव्या असलेल्या नेमक्या वस्तूची चाचणी घ्यावी.

१२/
प्रत्येकाने आपापल्या फाइलीत हे वळसे लिहिण्यापेक्षा ते एकदाच एका जागी का लिहू नयेत? २०१० साली बेंजामिन पीटरसन यांनी तसे मॉड्यूल रचले. त्याचे नाव 'सिक्स', कारण दोन गुणिले तीन म्हणजे सहा. त्यातील 'मूव्ह्ज' हा विभाग म्हणजे जुन्या-नव्या पत्त्यांची वहीच. आज्ञावलीने 'सिक्स'कडे मागायचे. कोणत्या आवृत्तीत वस्तू कुठे आहे, ते 'सिक्स' पाहून घेई.

१३/
आता मुंबई. विज्ञानातील आकडेवारीची त्रिमिती चित्रे काढणारे 'मायावी' हे सॉफ्टवेअर जगभर वापरले जाते. त्याचे जनक प्रभू रामचंद्रन पवईच्या आयआयटी मुंबईत विमानअभियांत्रिकीचे प्राध्यापक. 'मायावी'ची दुसरी पिढी अमेरिकेतील 'एनथॉट' या कंपनीच्या पाठबळाने घडली, म्हणून मॉड्यूलचा पत्ता होता 'एनथॉट.मायावी'. २०११ साली कंपनीने आपल्या संचाच्या चौथ्या आवृत्तीत हे आडनाव काढून टाकले. उरले नुसते 'मायावी'.

१४/
बदल योग्यच होता. पण शोधनिबंधांसाठी लिहिलेल्या जुन्या आज्ञावल्या पहिल्याच ओळीला अडल्या. येथेही तेच 'ट्राय' आणि 'एक्सेप्ट' कामी आले. कंपनीने 'ईटीएसप्रॉक्सी' नावाचे पॅकेज दिले. जुन्या पत्त्यावर आलेल्याला ते नव्या घरी पोहोचवी. त्याच वेळी पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीकडे जाण्याची वाट मात्र बंद होती. 'मायावी' ज्यावर उभे आहे ते 'व्हीटीके' हे ग्रंथालय २०१६ साली, आपल्या सातव्या आवृत्तीत, पायथॉन ३ ला अनुकूल झाले. पाया हलेपर्यंत वरच्या मजल्याला हलता येत नाही.

१५/
शिक्षणातही हा सांधा दिसतो. आयआयटी मुंबईच्याच 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे ध्वनिचित्रपाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहेत. तेथे पायथॉनच्या जुन्या मालिकेनंतर 'पायथॉन ३.४.३' अशी स्वतंत्र मालिका तयार करावी लागली. जुना पाठ पाहून नव्या आवृत्तीत टंकलेखन करणारा विद्यार्थी दोष स्वतःचा समजतो. दोष त्याचा नसून मधल्या काळाचा असतो.

१६/
दुसऱ्या आवृत्तीचा आधार २०१५ साली थांबणार होता. लोक मागे राहिल्याचे पाहून २०१४ साली मुदत पाच वर्षांनी वाढवण्यात आली. १ जानेवारी २०२० रोजी तो थांबला, २.७.१८ ही अखेरची आवृत्ती त्याच एप्रिलमध्ये निघाली. एका भाषेचे दोन संसार बारा वर्षे शेजारी शेजारी चालले.

१७/
गोष्ट तेथेही संपत नाही. २०२३ च्या ३.१२ आवृत्तीतून 'डिस्टयूटिल्स' हे जुने मॉड्यूल वगळण्यात आले. मात्र वगळण्याच्या काही आवृत्त्या आधी सूचना दिली जाते.

१८/
दहा वर्षांपूर्वीच्या शोधनिबंधातील आकडे पुन्हा पडताळायचे असतील, तर त्याची आज्ञावली आज चालायला हवी. ती चालली नाही, तर निष्कर्ष केवळ विश्वासावर मानावा लागतो. मोडी वाचणारा उरला नाही, तर दफ्तर शाबूत असूनही मुके होते, हेही तसेच. म्हणून आज्ञावली जपताना ती कोणत्या आवृत्तीसाठी लिहिली आणि कोणती मॉड्यूले कोणत्या क्रमांकाची वापरली, एवढी नोंद सोबत ठेवावी. पुढच्या इतिहासकाराला पत्ता शोधायला तेवढी पुरेल.