एका पेनीचा इतिहास : ख्रिस्ती मिशनमागील दानव्यवस्था

ख्रिस्ती मिशनरी म्हटला की त्याची शाळा, त्याचा दवाखाना, त्याचा छापखाना आणि त्याने केलेले बायबलचे भाषांतर आपल्या नजरेसमोर येते. त्याला समुद्रापार पाठविणारा आणि त्याच्या निर्वाहाचा भार वर्षानुवर्षे वाहणारा माणूस मात्र इतिहासग्रंथांत क्वचितच भेटतो. हा माणूस नेहमीच सरदार वा सावकार नव्हता. पुष्कळदा तो आठवड्याच्या मजुरीवर जगणारा कामगार होता, घर चालविणारी स्त्री होती, शाळेत जाणारे मूल होते. या अनामिक दात्यांनी परदेशातील मिशनकार्य कसे उभे केले आणि त्या दानाने कोणते प्रश्न निर्माण केले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. धम्मप्रचाराची जबाबदारी ज्या समाजाने स्वतःच्या खांद्यावर घेतली आहे, त्याला या इतिहासाकडे पाठ फिरविता येणार नाही.

केटरिंगची सभा

विल्यम कॅरी हा इंग्लंडच्या नॉर्दम्प्टनशायर परगण्यातील चर्मकार. जोडे शिवता शिवता तो भाषा शिकला आणि पुढे बॅप्टिस्ट पंथाचा धर्मोपदेशक झाला. १७९२ साली त्याने परदेशी धर्मप्रचाराची आवश्यकता प्रतिपादन करणारी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्या अखेरीस पैशाचा व्यावहारिक विचार आहे. श्रीमंतांनी आपल्या संपत्तीतील वाटा द्यावा, सुस्थितीतील लोकांनी उत्पन्नाचा दशांश द्यावा आणि सामान्य मंडळींनी आठवड्याला एक पेनी किंवा अधिक द्यावी, अशी त्याची योजना होती.

याच पुस्तिकेतील आणखी एक मुद्दा विशेष लक्षणीय आहे. वेस्ट इंडीज बेटांवरील साखर गुलामांच्या श्रमातून निघत असे. म्हणून इंग्लंडमधील अनेक कुटुंबांनी त्या काळी ती वर्ज्य केली होती. त्यामुळे घरटी आठवड्याला सहा पेन्सांपासून एक शिलिंगापर्यंत बचत होते, ती बचत मिशनला द्यावी, असे कॅरीने सुचविले. अन्यायाने मिळणाऱ्या वस्तूचा त्याग आणि त्या त्यागातून दान, अशी ही सांगड होती.

२ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग गावी एका विधवेच्या घरी मूठभर मंडळी जमली व बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीची स्थापना झाली. त्या दिवशी तपकिरीच्या डबीत जमा झालेल्या वचनचिठ्ठ्यांची बेरीज १३ पौंड, २ शिलिंग व ६ पेन्स इतकी होती. अँड्र्यू फुलर हे कार्यवाह झाले आणि १८१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत गावोगाव फिरून निधी जमवीत राहिले. कॅरीचा प्रवास म्हणजे खोल खाणीत उतरणे आणि मायदेशीच्या मंडळींचे काम म्हणजे वरून दोर धरून राहणे, ही उपमा फुलर यांच्यामुळेच प्रसिद्धीस आली. उतरणारा एक असतो, दोर धरणारे अनेक लागतात, हे त्यांनी ओळखले होते.

दहाच्या साखळ्या

फ्रान्समध्ये हेच तत्त्व कॅथलिक पंथीयांनी अधिक काटेकोरपणे राबविले. पोलीन जारिको ही लिओं शहरातील रेशीम व्यवसायाशी संबंधित कुटुंबातील तरुणी. १८१९ च्या सुमारास तिने रेशीम कामगार स्त्रियांमध्ये आठवड्याला एक सू, म्हणजे फ्रान्समधील एक लहानसे नाणे, गोळा करण्यास आरंभ केला. एका व्यक्तीने दहा जणांकडून वर्गणी घ्यावयाची, अशा दहा गटांवर एक प्रमुख, आणि शंभरांच्या दहा गटांवर आणखी एक, अशी ही रचना होती. १८२२ मध्ये तिला श्रद्धाप्रसार संस्थेचे रूप आले आणि आशिया व अमेरिकेतील मिशनांकडे पैसा वाहू लागला. दूरदेशीहून आलेल्या मिशनऱ्यांची पत्रे संस्थेच्या नियतकालिकातून दात्यांपर्यंत पोहोचत. दाता आणि कार्य यांमध्ये अशा प्रकारे नियमित संवाद राहिला.

लंडन मिशनरी सोसायटीने तर मुलांनाही दाते केले. १८४४ साली पॅसिफिक बेटांकडे निघालेले 'जॉन विल्यम्स' हे जहाज प्रामुख्याने इंग्लंडमधील बालकांनी जमविलेल्या सहा हजार पौंडांहून अधिक रकमेतून घेतले गेले.

या प्रवाहाचा एक ओहोळ महाराष्ट्रातही आला. १८१० साली स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्याच संस्थेने पाठविलेल्या सिंथिया फरार यांची अहमदनगर येथील मुलींची शाळा महात्मा जोतीराव फुले यांनी पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतःची शाळा काढली. अमेरिकेतील अपरिचित दात्याच्या नाण्याचा असाही परिणाम झाला, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

द्रव्याचा उगम

तथापि या इतिहासाची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. १७०१ साली इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चच्या आश्रयाने स्थापन झालेल्या सुवार्ताप्रसारक सोसायटीला १७१० मध्ये बार्बाडोस बेटावरील कॉड्रिंग्टन यांचे ऊसमळे मृत्युपत्राने मिळाले. त्यांबरोबर तेथील गुलामही मिळाले. ख्रिस्ती प्रेमाचा संदेश पसरविणारी संस्था गुलामांची मालक झाली आणि त्यांच्या छातीवर संस्थेच्या नावाचा डाग देण्यात आला. या पापाबद्दल चर्च ऑफ इंग्लंडच्या महासभेने २००६ साली क्षमायाचना केली. एकीकडे त्याच बेटांची साखर सोडून पेनी वाचविणारे कुटुंब, दुसरीकडे त्याच साखरेच्या उत्पन्नावर चालणारी संस्था. दोन्ही ठिकाणी हेतू धर्मप्रसाराचाच होता. भेद होता तो द्रव्याच्या उगमात.

पालि वाङ्मयात उपासकाला निषिद्ध ठरविलेल्या पाच व्यापारांत 'सत्तवणिज्जा' आहे. अट्ठकथेने तिचा अर्थ मनुष्यविक्रय असा केला आहे. दानाची शुद्धता दात्याच्या भावनेइतकीच 'धम्मलद्ध' संपत्तीवर अवलंबून असते, हा विचार येथे किती मूलगामी ठरतो, हे वेगळे सांगावयास नको.

थैली कोणाच्या हाती?

तिसरा प्रश्न सत्तेचा. कॅरी, मार्शमन व वॉर्ड यांनी डॅनिश अंमलाखालील श्रीरामपूर येथे शाळा व छापखाना चालवून आणि कॅरीने फोर्ट विल्यम महाविद्यालयात अध्यापन करून स्वतःच्या मिळकतीवर मोठे कार्य उभारले. कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये व कोश १८१० मध्ये निघाला तो याच काळात. फुलर यांच्या निधनानंतर तेथील मालमत्तेवर अधिकार कोणाचा यावरून मायदेशीच्या समितीशी वाद झाला आणि १८२७ मध्ये श्रीरामपूर वेगळे झाले. दोर धरणाऱ्यांना उतरणाऱ्यावर हुकमत गाजवावीशी वाटली, असेच म्हणावे लागते.

चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन आणि अमेरिकन बोर्डाचे रुफस अँडरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास यावर उत्तर मांडले. स्थानिक चर्चने स्वतःचा खर्च, स्वतःचा कारभार आणि स्वतःचा प्रसार स्वतःच करावा, असे त्यांचे म्हणणे होते. प्रत्यक्षात परकी मिशनऱ्यांनी थैली सहजासहजी सोडली नाही. हे तत्त्व कृतीत आणले ते येथल्या माणसांनी. १९०३ साली तिरुनेलवेली येथे व्ही. एस. अझरिया आदींनी भारतीय माणसे व भारतीय पैसा यांच्या बळावर मिशनरी संस्था स्थापन केली आणि तेलुगू प्रदेशातील डोर्नकल येथे प्रचारक धाडले. मिझोराममध्ये गृहिणी प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. शंभर वर्षांहून जुन्या या प्रथेच्या आधारे तेथील चर्चने राज्याबाहेरही प्रचारक पाठविले. एकेकाळी ज्यांच्याकडे मिशनरी आले, तेच आता दोर धरणारे झाले.

उपसंहार

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना या इतिहासाचे मर्म ठाऊक होते. १९५० साली 'महाबोधि' मासिकातील लेखात त्यांनी जागतिक बौद्ध मिशनची आवश्यकता प्रतिपादन केली, आणि १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात प्रत्येकाने उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्यास देण्याचा निश्चय करावा असे सांगितले. दशांशाऐवजी विसावा भाग! आपल्या लोकांच्या दारिद्र्याची पूर्ण जाणीव असूनही त्यांनी दानातून कोणालाही सूट दिली नाही, कारण जे कार्य आपल्या पैशाने चालत नाही ते आपल्या विचाराने चालत नाही.

केटरिंगचे तेरा पौंड, लिओंचा सू आणि मिझो स्त्रीची मूठ यांची शिकवण एकच आहे. दान अल्प असले तरी चालेल, पण ते नियमित असावे. त्याचा उगम शुद्ध असावा. आणि दात्याने दोर घट्ट धरावा, मात्र त्या दोराचा फास होऊ देऊ नये. आपल्या विहारांतील दानपेटी या तीन कसोट्यांवर उतरते काय, याचे उत्तर प्रत्येक उपासक-उपासिकेने स्वतःशीच द्यावयाचे आहे.