मेलबर्नचा महादूरदर्शक
ऑस्ट्रेलियातील मेलबर्न वेधशाळेत १८६९ मध्ये कार्यान्वित झालेला, १२२ सेंमी. (४८ इंच) व्यासाच्या आरशाचा परावर्तनी दूरदर्शक. मुख्य भाग पुन्हापुन्हा बदलावे लागल्याने जुन्या उपकरणांच्या सुट्या भागांचा प्रश्न ह्याच्या इतिहासात जितका ठळकपणे दिसतो, तितका क्वचितच अन्यत्र आढळतो.

दक्षिण गोलार्धातील अभ्रिकांचे वेध घेण्यासाठी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या समितीने ह्याची योजना आखली व डब्लिन येथील टॉमस ग्रब ह्यांनी १८६८ मध्ये तो पूर्ण केला. आरसा स्पेक्युलम धातूचा, म्हणजे तांबे व कथिल ह्यांच्या ठिसूळ मिश्रधातूचा होता. काचेवर चांदीचा मुलामा देण्याची पद्धत फूको ह्यांनी १८५७ मध्ये दाखविली होती. तथापि एवढ्या मोठ्या आकारमानासाठी समितीने परिचित धातूवरच भिस्त ठेवली. स्पेक्युलम हवेत काळवंडतो व त्याला पुन्हा झिलई द्यावी लागते. चांदीचा थर काढून नवा चढविताना काचेचा आकार कायम राहतो. स्पेक्युलमला मात्र झिलई देताना आरशाची वक्रताच नव्याने साधावी लागते. ही अडचण ओळखूनच सुमारे एक टन वजनाचे दोन आरसे व झिलईचे यंत्र दूरदर्शकाबरोबर पाठविण्यात आले. एक आरसा वापरात असताना दुसरा दुरुस्त करावा, अशी कल्पना होती.

सुटा भाग पाठविला, पण तो वापरता ठेवण्याचे कौशल्य पाठविता आले नाही. प्रवासात संरक्षणासाठी आरशांवर लाखेचा लेप दिला होता; तो काढताना पृष्ठभागाची चकाकी बिघडली. सरकत्या छपरामुळे दूरदर्शक वाऱ्याला उघडा पडे. पहिले वेधकर्ते आल्बेर ल स्यूर लवकरच पद सोडून गेले. संचालक रॉबर्ट एलरी ह्यांनी झिलईची कला स्वतः अवगत केली व १८९० च्या सुमारास एका आरशाला नवी झिलई दिली. परंतु तोवर बहुमोल वर्षे निघून गेली होती. ह्या दूरदर्शकाच्या अपयशामुळे परावर्तनी दूरदर्शकांची प्रगती खुंटली, असा ठपका अमेरिकन तज्ञ जॉर्ज रिची ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ठेवला. हे मत काहीसे एकांगी आहे. १८७० नंतरच्या दशकात ह्याच दूरदर्शकातून घेतलेली चंद्राची छायाचित्रे त्या काळी उत्तम ठरली होती.

मेलबर्न वेधशाळा १९४४ मध्ये बंद झाल्यावर दूरदर्शक कॅनबेराजवळील मौंट स्ट्रॉम्लो येथे गेला. तेथे स्पेक्युलमऐवजी सु. १२७ सेंमी. व्यासाचा पायरेक्स काचेचा आरसा बसविण्यात आला. ग्रब ह्यांचा ध्रुवाक्ष मेलबर्नच्या अक्षांशासाठी होता. कॅनबेराचे अक्षांश सुमारे अडीच अंशांनी कमी असल्याने त्याचा कल बदलावा लागला. ओतीव लोखंडाचे अवजड भाग मात्र नव्याने करावे लागले नाहीत. पुढे संगणकीय नियंत्रण व इलेक्ट्रॉनीय कॅमेरे जोडून १९९२–९९ ह्या काळात मॅको प्रकल्पासाठी मोठ्या मॅगेलनी मेघातील ताऱ्यांच्या तेजस्वितेचे मापन त्यावर करण्यात आले. अदृश्य द्रव्याच्या गुरुत्वीय सूक्ष्मभिंग परिणामाचा शोध घेणे हा त्याचा हेतू होता. सव्वाशे वर्षांच्या जुन्या लोखंडी आधाराकडून असे काम मूळ रचनाकारांना अपेक्षितही नव्हते.

१८ जानेवारी २००३ रोजी कॅनबेराच्या वणव्यात वेधशाळा जळाली. आरसा व नंतर बसविलेली साधने निकामी झाली. १८६८ मधील कित्येक लोखंडी भाग मात्र टिकले. अनावश्यक ठरलेले काही मूळ भाग त्यापूर्वीच मेलबर्नच्या वस्तुसंग्रहालयात पोहोचले होते. हे दोन्ही संच एकत्र आणून २००८ पासून जीर्णोद्धार सुरू झाला. त्यात संग्रहालयाबरोबर व्हिक्टोरियाच्या ज्योतिष संस्थेचे हौशी सभासद काम करतात. हरवलेले भाग जुनी छायाचित्रे व उरलेल्या भागांची मापे ह्यांवरून पुन्हा घडवावे लागतात. प्रकाशकीय भाग मात्र नवाच करावयाचा आहे. कारण प्रेक्षकांना आकाश दाखविणे हे उद्दिष्ट असून स्पेक्युलमच्या आरशाने ते साधणार नाही.