करारातील अटी व करारविफलता

करारातील अटी व करारविफलता : करारातील वचन बिनशर्त असते किंवा एखाद्या अटीवर अवलंबून असते. अट पूर्ण झाल्याखेरीज बंधन अंमलात न येणे (पूर्वशर्त) आणि विशिष्ट घटना घडताच असलेले बंधन संपुष्टात येणे (उत्तरशर्त), हे अटीचे दोन प्रमुख परिणाम होत. पक्षकारांनी स्पष्टपणे न घातलेली अट न्यायालयाने करारात गृहीत धरावी काय, हा या विषयाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे. कारण अनपेक्षित आपत्तीचे नुकसान कोणी सोसावयाचे, हे त्याच्या उत्तरावर ठरते.

इंग्लंडमधील प्रारंभीची भूमिका कठोर होती. पॅराडाइन वि. जेन (१६४७) या खटल्यात यादवी युद्धाच्या काळात प्रिन्स रूपर्टच्या सैन्याने पट्टेदाराला जमिनीवरून हुसकावून लावले होते. तरीही त्याने खंड दिलाच पाहिजे, असा निर्णय झाला. आपत्तीची तरतूद करारातच करता आली असती, ही त्यामागील विचारसरणी होय. किंग्स्टन वि. प्रेस्टन (१७७३) मध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी परस्परवचनांचा क्रम व अवलंबित्व कराराच्या आशयावरून ठरविले : पुरेसे तारण मिळाल्याशिवाय धंदा सोपविण्याचे बंधन उद्भवत नाही.

टेलर वि. कॉल्डवेल (१८६३) या निर्णयाने कठोर भूमिकेला मोठा अपवाद निर्माण केला. चार दिवसांच्या कार्यक्रमांसाठी प्रतिदिनी १०० पौंड भाड्याने ठरविलेले सरे गार्डन्समधील संगीतगृह पहिल्या कार्यक्रमापूर्वीच जळून गेले. संगीतगृहाचे अस्तित्व ही करारातील गर्भित अट होती, असे मानून न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी दोन्ही पक्षांना बंधनमुक्त केले.

भारतीय करार अधिनियम, १८७२ याने मात्र या दोन बाबी पृथक ठेवल्या. कलमे ३१ ते ३६ घटनेवर अवलंबून असलेल्या करारांविषयी आहेत. ‘ब’चे घर जळाल्यास त्यास १०,००० रुपये देण्याचा करार, हे अधिनियमातीलच उदाहरण. कलम ५६ नुसार करारानंतर कृत्य अशक्य वा बेकायदेशीर झाल्यास करार शून्य होतो. अशा वेळी मिळालेला लाभ कलम ६५ नुसार परत करावा लागतो.

सत्यब्रत घोष वि. मुगनीराम बांगूर (१९५३) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘अशक्य’ या शब्दाचा अर्थ व्यापक केला. पूर्तता प्रत्यक्षात अशक्य नसली, तरी कराराचा पायाच ढासळला असल्यास कलम ५६ लागू होते. करारातच व्यक्त वा गर्भित अट असेल, तर कलम ३२ लागू होते. या प्रकरणातील कलकत्त्याची जमीन युद्धकाळात सरकारने ताब्यात घेतली होती. तथापि ते अधिग्रहण तात्पुरते होते आणि कामास निश्चित मुदत नव्हती. म्हणून करार विफल ठरला नाही. एनर्जी वॉचडॉग प्रकरणातही (२०१७) न्यायालयाने हाच भेद कायम ठेवला. परदेशी कोळसा महागल्याने पूर्तता खर्चिक झाली, एवढ्यावरून वीजपुरवठ्याच्या करारातून मुक्तता मिळत नाही, असे त्याने स्पष्ट केले. सारांश, पूर्तता तोट्याची ठरणे व कराराचा आधारच नाहीसा होणे या भिन्न गोष्टी असून, बंधन केवळ दुसऱ्या स्थितीतच संपते.