हृदयक्रिया, शेजार आणि मंडळाची घरे : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात

मराठी वृत्तपत्रांच्या निधनवार्तांत ‘हृदयक्रिया बंद पडून निधन’ हा शब्दबंध दीर्घकाळ रूढ आहे. बोलण्यात त्याच प्रसंगाला ‘हार्ट फेल झाले’ असे म्हणतात. हृदय थांबणे म्हणजेच मृत्यू, हे दोन्ही प्रयोगांत गृहीत धरलेले आहे. शस्त्रक्रियागृहाबाहेर तरी १९६० पर्यंत हे गृहीतक बहुतांशी वास्तवास धरून होते. त्या वर्षी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील कौवेनहोव्हन, ज्यूड व निकरबॉकर यांनी, छाती न उघडता केवळ दोन हातांच्या दाबाने रक्ताभिसरण तात्पुरते चालू ठेवता येते, असे प्रसिद्ध केले. यांपैकी कौवेनहोव्हन हे वैद्य नसून विद्युत् अभियंते होते.

अनुदानित घरांचा इतिहास मात्र निराळ्या भयातून घडला. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. घराचे आरोग्य म्हणजे उजेड, वारा, पाणी व मोरी, ही कल्पना तेथपासून दृढ झाली. १९५२ च्या औद्योगिक कामगारांच्या अनुदानित गृहयोजनेतही तीच दृष्टी दिसते. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता व १९५० चा मध्य प्रदेश गृहनिर्माण मंडळ कायदा तेथे लागू होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९७७ मध्ये राज्यातील गृहनिर्माण मंडळे म्हाडात विलीन झाली आणि भंडारा नागपूर मंडळाच्या कक्षेत आला.

संसर्ग भिंतीने व अंतराने रोखता येतो. हृदय थांबले असता तेच अंतर घातक ठरते. रक्तपुरवठा खंडित झाल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूस इजा होऊ लागते. छातीवर दाब दिला नाही, तर दर मिनिटास वाचण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका उपलब्ध आहे. तथापि ती फाटकाशी आल्यावरही लिफ्ट नसलेल्या इमारतीचा जिना उरतोच. म्हणून पहिला उपचार घरातल्याने किंवा शेजाऱ्यानेच करावयाचा असतो.

आगीसंबंधीची जबाबदारी २००६ च्या महाराष्ट्र अधिनियमाने इमारतीच्या मालकावर व भोगवटादारावर टाकली आहे. हृदयासाठीची सिद्धता गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेलाही ठरविता येईल : प्रत्येक जिन्यामागे दोघांना प्रशिक्षण, इमारतीचा क्रमांक ठळक अक्षरांत, रात्री फाटक उघडणारा निश्चित माणूस, आणि शक्य तेथे विद्युत्-धक्का देणारे स्वयंचलित यंत्र.

या शिक्षणाचा आरंभ शब्दांपासून व्हावा. ‘झटका’ आला असता रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो. त्याला तातडीने रुग्णालयात न्यावयाचे असते. हृदय ‘थांबले’ असता तो हाकेस ओ देत नाही, नीट श्वास घेत नाही. अशा वेळी १०८ ला कळवून त्याच्या छातीच्या मध्यभागी मिनिटास १०० ते १२० वेळा जोराने दाब द्यावयाचा असतो. दोन्हींना एकच नाव दिल्याने ही कर्तव्ये एकमेकांत मिसळतात.

वस्तुतः मराठीतील ‘बंद पडणे’ या क्रियापदात अखेरीचा अर्थ नाही. घड्याळ बंद पडते, विहिरीवरचा पंप बंद पडतो; कोणीतरी तो पुन्हा चालू करून पाहतो. निधनवार्तेने या क्रियापदापुढे पूर्णविराम दिला आहे. तो काढून टाकण्याचे काम मंडळाच्या घरांतील शेजाऱ्यांकडे येते.