जकातनाक्यापासून पारपत्रापर्यंत

जबलपूरहून मिर्झापूरकडे जाणाऱ्या जुन्या मार्गावरील पनागर हे गाव 1781 मध्ये गढा-मंडल्याच्या प्रदेशासह सागरच्या मराठ्यांच्या अमलाखाली आले आणि 1798 मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले. भोसल्यांच्या राज्यात शेतकऱ्यावर शेतसारा, शेती न करणाऱ्या वाणी-कारागिरांवर पांढरी नावाचा कर आणि वाटेवरच्या मालावर जकात अशी वसुलीची रचना होती. राहदारीची दस्तक, म्हणजे वाट मोकळी करून देणारा परवाना, दाखवल्यावाचून माल नाक्यापुढे सरकत नसे. नाक्यावर अडे तो माल. माणसाचे जाणे-येणे त्याच्या देण्याशी जोडले जाण्यास पुढे आयकर आणि पारपत्र या दोन्ही गोष्टी रुळाव्या लागल्या.

आयकर 1860 मध्ये आला, पारपत्राचा कायदा 1920 मध्ये. या दोहोंची गाठ 1961 च्या आयकर अधिनियमातील कलम 230 मध्ये स्पष्ट दिसते. देश सोडणाऱ्या ठरावीक वर्गांतील व्यक्तींनी करदेयता निकालात निघाल्याचा दाखला घ्यावा, आणि तो न पाहता अशा प्रवाशाला नेल्यास त्याच्या कराचा भार जहाजाच्या वा विमानाच्या मालकावर पडू शकेल, अशी ही तरतूद होती. जुन्या नाकेदाराचे काम अशा रीतीने जहाज कंपनीच्या कारकुनाकडे आले.

पारपत्र देणे मात्र तोवर सरकारच्या मर्जीवर होते. आयात परवान्यांच्या चौकशीत सापडलेले व्यापारी सतवंत सिंग साहनी यांना पारपत्रे परत करण्यास सांगण्यात आले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 1967 मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत पारपत्र अधिनियम संमत झाला. त्यात नकाराची कारणे नोंदवलेली आहेत, पण करबाकीचा त्यांत नावानिशी उल्लेख नाही. सरकारचे देणे म्हणून तेथे दिसते ते एकच, आणि तेही काहीसे अनपेक्षित: परदेशातून सरकारी खर्चाने परत आणलेल्याने तो खर्च न फेडणे. अर्थात करचुकवेगिरीचा फौजदारी खटला न्यायालयात प्रलंबित असेल, तर नकाराचे निराळे कारण उत्पन्न होते.

अमेरिकेने 2015 च्या कायद्याने उलट वाट धरली. तेथे 50,000 डॉलरची मूळ मर्यादा, जी महागाईनुसार वाढत जाते, ओलांडणारी गंभीर थकबाकी प्रमाणित झाली की पारपत्रच नाकारता येते. भारताने 2003 मध्ये दाखल्याची अट उलट सैल केली. 2004 च्या सूचनेनुसार भारतात अधिवास असलेल्याकडे हा दाखला मागावयाचा तो गंभीर आर्थिक गैरव्यवहाराच्या प्रकरणात, किंवा स्थगिती न मिळालेली प्रत्यक्ष कराची थकबाकी दहा लाखांहून अधिक असेल तेव्हाच, आणि तोही कारणे नोंदवून व वरिष्ठांची मंजुरी घेऊन. 2024 मध्ये काळ्या पैशाविषयीच्या कायद्याखालील देणीही कलमात आली, तेव्हा प्रत्येक प्रवाशाला दाखला लागणार अशी आवई उठली आणि सरकारला खुलासा करावा लागला. पनागरच्या एखाद्या व्यापाऱ्याची करबाकी, ती नुसती बाकी असेतोवर, भोपाळच्या पारपत्र कार्यालयात त्याच्या आड येत नाही. तिची विचारणा होते ती आयकर खात्याकडून, आणि तीही पारपत्र हाती आल्यानंतर, देश सोडताना.