ऊस, गुणसूत्रे आणि एक शिष्यवृत्ती

गेल्या वर्षी दहावीचा निकाल लागल्यावर एक पालक मुलीचा दाखला न्यायला शाळेत आले. मुलगी अभ्यासात चांगली, विशेषतः जीवशास्त्रात. वनस्पतींवर पुढे शिकण्याची तिची इच्छा होती. वडील सज्जन आणि कष्टाळू गृहस्थ. ते म्हणाले, "सर, पोरगी हुशार आहे, कबूल आहे मला. डॉक्टर होणार असती तर कर्ज काढलं असतं. पण झाडापाल्याचं शिकून पुढं काय?"

त्या वेळी मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. मी इतिहास शिकवणारा मनुष्य. शास्त्राचा माझा संबंध पाठ्यपुस्तकापुरताच. परंतु इतिहासाच्या शिक्षकाने उत्तर इतिहासातच शोधावे, असे मनाशी ठरवून मी वाचू लागलो. त्या वाचनात एका स्त्रीची कहाणी हाती लागली. ती स्मरणिकेच्या निमित्ताने पालक बंधु-भगिनी आणि विद्यार्थी यांच्यापुढे ठेवीत आहे.

तेल्लिचेरीची कन्या

एडवलेत कक्कट जानकी अम्माळ यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९७ रोजी मलबारातील तेल्लिचेरी, म्हणजे आजचे थलश्शेरी, येथे झाला. त्यांचे घराणे तिय्या समाजातील. त्या काळच्या उच्च-नीचतेच्या उतरंडीत हा समाज खालचा मानला जाई. वडील दिवाणबहादूर कृष्णन हे न्यायाधीश होते. त्यांना निसर्गाचा मोठा नाद होता. घरी ग्रंथसंग्रह होता, बागही होती. कुटुंब मोठे, भावंडे पुष्कळ. बहिणींची लग्ने वडीलधाऱ्यांनी ठरवून होत होती. जानकीची पाळी आली तेव्हा तिने अभ्यास पसंत केला आणि घरच्यांनी तिची वाट अडवली नाही.

मद्रासच्या क्वीन मेरीज कॉलेजात आणि नंतर प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकून १९२१ साली त्यांनी वनस्पतिशास्त्राची ऑनर्स पदवी मिळवली. पुढे त्या मद्रासच्याच विमेन्स ख्रिश्चन कॉलेजात शिकवू लागल्या. त्या काळी एवढे शिकणेसुद्धा एखाद्या मुलीच्या दृष्टीने फार मोठी मजल होती. कहाणी येथेच संपली असती तरी कोणी नाव ठेवले नसते.

दात्याचे दान

येथे सातासमुद्रापलीकडच्या एका गृहस्थाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. लेव्ही बार्बर हे अमेरिकेतील डेट्रॉइट शहरचे वकील आणि मिशिगन विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. पूर्वेकडील देशांच्या प्रवासात त्यांना काही आशियाई स्त्रिया भेटल्या. त्या मिशिगनमध्ये वैद्यक शिकून मायदेशी परतल्या होत्या आणि आपापल्या देशात रुग्णसेवा करीत होत्या. त्यांचे काम पाहून बार्बर फार प्रभावित झाले. १९१७ साली त्यांनी आशियातील स्त्रियांना मिशिगन विद्यापीठात शिकता यावे म्हणून मोठी देणगी देऊन शिष्यवृत्ती सुरू केली.

ही शिष्यवृत्ती जानकी अम्माळ यांना मिळाली आणि १९२४ साली त्या बोटीने अमेरिकेस गेल्या. बार्बर यांना त्यांचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दात्याला फळ कोणत्या फांदीला लागेल हे दिसत नसते. आपल्या संस्थेच्या शिष्यवृत्ती निधीत जे वर्षानुवर्षे मूठमूठ घालतात, त्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

ॲन आर्बर येथील विद्यापीठात प्राध्यापक हार्ली बार्टलेट यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी काम केले. एम.एस. झाल्यावर त्या मद्रासला परत आल्या, काही काळ शिकवले, पुन्हा मिशिगनला गेल्या आणि १९३१ साली त्यांनी डी.एस्सी. ही पदवी संपादन केली. अमेरिकेतून वनस्पतिशास्त्रातील सर्वोच्च पदवी घेणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

संशोधन करणारे विद्यापीठ आणि आपल्याकडची बहुतेक महाविद्यालये यांत एक महत्त्वाचा फरक असतो, तो विद्यार्थ्यांनी समजून घ्यावा. महाविद्यालयात प्रामुख्याने जे ठाऊक आहे ते शिकवले जाते. संशोधन विद्यापीठात जे कोणालाच ठाऊक नाही ते शोधायला शिकवले जाते. तेथे गुरूजवळही तयार उत्तर नसते. गुरू आणि शिष्य दोघेही एकाच सूक्ष्मदर्शकापाशी बसलेले असतात.

पेशीतील हिशेब

ते शोधीत काय होते? प्रत्येक सजीवाच्या पेशीत सूक्ष्म धाग्यांसारखी गुणसूत्रे असतात. आनुवंशिक गुण त्यांच्याद्वारे एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जातात. माणसात त्यांची संख्या ४६ असते. वनस्पतींत मात्र एक नवल आढळते. एकाच कुळातील निरनिराळ्या जातींत ही संख्या दुप्पट, तिप्पट होत गेलेली दिसते. गव्हाचेच उदाहरण घ्या. एका प्राचीन गव्हात १४ गुणसूत्रे आहेत, शेवयांच्या बन्सी गव्हात २८ आणि आपल्या चपातीच्या गव्हात ४२. याचा अर्थ असा की निसर्गात दोन जातींचा संकर झाला, गुणसूत्रांचे संच एकत्र आले, वाढले आणि त्यातून नवी जात उभी राहिली.

उत्क्रांती हा शब्द ऐकला की आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडते. परंतु वनस्पतींच्या बाबतीत ही गोष्ट वादाची राहत नाही. ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येते आणि शेतात पिकवता येते. निर्मितीचे निरीक्षण करा, त्यावर विचार करा, ही शिकवण तर आपल्याला नवी नाही. नवव्या शतकात अबू हनीफा दीनवरी यांनी वनस्पतींवर मोठा ग्रंथ रचला. तेराव्या शतकात अंदलुसियाच्या इब्न अल-बैतार यांनी सुमारे १४०० औषधी व खाद्य पदार्थांची नोंद केली. झाडापाल्याचे शिक्षण आपल्या पूर्वजांनी कमी प्रतीचे मानले नव्हते.

उसाचे कूळ

मायदेशी परतल्यावर जानकी अम्माळ १९३२ ते १९३४ त्रिवेंद्रमच्या महाराजा कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक होत्या. तेथून त्या कोइम्बतूरच्या ऊस पैदास केंद्रात गेल्या.

आपल्याकडील ऊस बागायतदारांच्या तोंडी 'को ७४०' हे नाव वर्षानुवर्षे होते, पुढे 'को ८६०३२' आले. यातील 'को' म्हणजे कोइम्बतूर. हे वाण जानकी अम्माळ यांनी काढले असे मुळीच नव्हे. परंतु ज्या केंद्रातून ते आले, तेथे उसाच्या कुळाचा हिशेब मांडणाऱ्यांत त्या होत्या. १९१२ साली स्थापन झालेल्या या केंद्रात गोड, जाड उसाचा संकर नदीकाठी पांढरे तुरे डुलवणाऱ्या कास नावाच्या रानगवताशी करण्यात आला होता. उसाने गोडी द्यावी, गवताने काटकपणा द्यावा, ही कल्पना. त्यातून १९१८ साली 'को २०५' हा वाण बाहेर पडला.

पण या रानगवताचे मूळ कोठले? गोड उसात ८० गुणसूत्रे असतात. कास गवतात ती स्थळपरत्वे ४० पासून १२८ पर्यंत भरतात. जानकी अम्माळ यांनी ठिकठिकाणच्या झाडांची गुणसूत्रे मोजली, त्यांचा प्रदेशवार अभ्यास केला आणि या गवताची जन्मभूमी भारत असल्याचे प्रतिपादन केले. ऊस आणि मका यांच्या संकराविषयीचा त्यांचा लेख १९३८ साली 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. आपण ज्याला निरुपयोगी गवत म्हणून उपटून टाकतो, त्याच्या पेशीत साखर उद्योगाचा पाया दडलेला होता. झाडापाल्याचे शिकून काय होते, याचे हे एक उत्तर.

मात्र तेथील दिवस सुखाचे गेले नाहीत. मागासलेल्या गणलेल्या समाजातील एकटी, अविवाहित स्त्री पुरुष सहकाऱ्यांच्या बरोबरीने काम करते, हे पुष्कळांना रुचत नव्हते, असे त्यांच्या चरित्राचे अभ्यासक लिहितात. विद्वत्ता असली म्हणजे वाट मोकळी होते, असा समज विद्यार्थ्यांनी करून घेऊ नये. वाट मोकळी होत नाही. चालण्याचे बळ तेवढे येते.

युद्धाच्या छायेत

ऑगस्ट १९३९ मध्ये एडिनबरो येथे आनुवंशिकी परिषद भरली. जानकी अम्माळ तिला गेल्या आणि महायुद्धाला तोंड लागले. त्या इंग्लंडमध्येच राहिल्या. १९४० पासून लंडनच्या जॉन इनस संस्थेत त्यांनी काम केले. रात्री बॉम्ब पडू लागले की त्या पलंगाखाली शिरत आणि सकाळी प्रयोगशाळेतील फुटक्या काचा झाडून पुन्हा कामाला बसत, असे सांगतात. सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश १९४५ साली प्रसिद्ध झाला. हजारो वनस्पतींची गुणसूत्रसंख्या एकत्र देणारा हा ग्रंथ जगभरच्या संशोधकांच्या मेजावर गेला.

त्यानंतर विस्ली येथील राजेशाही उद्यानसंस्थेत त्यांनी कोल्चिसिन या द्रव्याचे प्रयोग केले. हे द्रव्य ज्या वनस्पतीतून निघते, तिच्याच जातभाईला आपले युनानी हकीम सुरंजान म्हणतात आणि शतकानुशतके सांधेदुखीवर देत आले आहेत. १९३७ च्या सुमारास शास्त्रज्ञांना असे आढळले की, हे द्रव्य कोवळ्या कोंबाला लावले तर पेशीतील गुणसूत्रे दुप्पट होतात, पण पेशी दुभंगत नाही. निसर्ग ज्याला कितीतरी काळ लावतो ते काम माणसाच्या हातून होऊ लागले. जानकी अम्माळ यांनी हा प्रयोग मॅग्नोलियाच्या रोपांवर केला. त्यांचे नाव दिलेला एक पांढरा मॅग्नोलिया आजही ओळखला जातो.

मायदेशी

स्वतंत्र भारतात पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून त्या १९५१ साली परतल्या. भारतीय वनस्पती सर्वेक्षण या खात्याच्या पुनर्रचनेचे काम त्यांच्याकडे आले. हिमालयाच्या वनस्पतींविषयी त्यांनी एक महत्त्वाचा विचार मांडला. ईशान्येकडील थंड, दमट पर्वतांत गुणसूत्रांची संख्या वाढलेल्या जाती वायव्येकडील थंड, कोरड्या पर्वतांपेक्षा अधिक दिसतात. कारण तेथे चीन आणि मलाया या दोन्ही बाजूंच्या वनस्पती भारतीय वनस्पतींना येऊन मिळाल्या, त्यांचे संकर झाले आणि नव्या जाती घडल्या. जेथे निरनिराळी कुळे एकत्र येतात तेथे समृद्धी वाढते, हा निसर्गाचा दाखला आपल्या देशानेही विसरू नये.

१९५६ साली मिशिगन विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली. मायदेशाची पद्मश्री १९७७ साली आली, तेव्हा त्यांना ८० वे वर्ष चालू होते. मधल्या काळात त्या अलाहाबाद, जम्मू आणि काही दिवस आपल्या मुंबईच्या तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातही होत्या. १९७० पासून त्या मद्रास विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र केंद्रात मानद शास्त्रज्ञ म्हणून राहिल्या. केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली जाणार असे दिसताच या वृद्ध विदुषीने तेथील वृक्षांच्या गुणसूत्रांची नोंद करण्याचे काम हाती घेतले आणि विरोधात आवाज उठवला. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, मद्रासजवळच्या आपल्या प्रयोगशाळेत काम करीत असतानाच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. ते पाहायला त्या नव्हत्या.

आपल्यासाठी

या कहाणीतून मुलींनी लग्न करू नये असा अर्थ कोणी काढू नये. मला तसे सुचवायचे नाही. संसार आणि संशोधन दोन्ही सांभाळणाऱ्या स्त्रिया जगात पुष्कळ आहेत. सांगायचे ते एवढेच की, जानकी अम्माळ यांच्या घरी कोणीतरी "झाडापाल्याचे शिकून पुढे काय" असे म्हणून दाखला काढून आणला असता, तर पुढले काहीच घडले नसते, आणि काय घडायचे राहिले हे कोणाला कळलेही नसते. न पेरलेल्या बियांचा हिशेब कोणत्याही वहीत लागत नाही.

पालकांची चिंता खोटी आहे असे मी म्हणणार नाही. वनस्पतिशास्त्रातील वाट लांब आहे. बी.एस्सी., एम.एस्सी. आणि मग पीएच.डी., अशी दहा-बारा वर्षे जातात. पैसा उशिरा मिळतो, नाव त्याहून उशिरा. पण याच वाटेवर शिष्यवृत्त्या आहेत, आणि जेथे सरकारच्या पोहोचत नाहीत तेथे आपल्यासारख्या संस्थांनी पोहोचावे यासाठीच या संस्था उभ्या आहेत. इल्म मिळवणे पुरुषाइतकेच स्त्रीचेही कर्तव्य आहे, हे आपण जलशात मोठ्या आवाजात सांगतो. दाखला काढताना ते आठवले पाहिजे.

ते गृहस्थ पुन्हा शाळेत आले नाहीत. मुलीचे पुढे काय झाले याची मी चौकशी केली, पण नक्की कळले नाही. शिष्यवृत्तीचा एक कोरा अर्ज मी माझ्या खणात ठेवला आहे. हा लेख त्यांच्या वाचनात आला तर त्यांनी शाळेत यावे. तिच्यासाठी उशीर झाला असेल तर धाकटीला घेऊन यावे.